पेन्सिलीचा सात

मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
भट्टीत आठशे पन्नास.
कूलरच्या ओल्या गवताचा वास
व्हरांड्यापर्यंतच येतो. आत
पंपाची एकसुरी खरखर
आणि नोंदवहीत माझं अक्षर:
नळी सात. दिवस सतरावा.

शाळेत शिकतो ते मीठ सोपं असतं.
धातू देतो, क्लोरीन घेतो,
व्यवहार पुरा, दोघं आपापल्या जागी,
पांढरे, स्वच्छ.
मी क्लोरीन मुद्दाम कमी घातला.
मागणारेच थोडे असले
तर धातू उरलेल्याचं काय करतो,
एवढंच बघायचं होतं.

टँटलमची बारीक नळी, दोन्ही तोंडं मिटलेली,
तिच्यावर क्वार्ट्झचा अंगरखा.
ते काम धकात्यांचं.
ज्वाळेपुढे चष्मा सरकवून ते नळी फिरवतात,
गोळीबार चौकामागच्या घरी वडील
कांडी भरायचे, तशीच म्हणे, त्याच बोटांनी.
"हवा राहिली ना मॅडम आतमंदी,
तर सारं राख होऊन जाते."

एकविसाव्या दिवशी, हातमोज्यांच्या पेटीत,
नळी कापली.
तळाशी नेहमीची करडी भुकटी
आणि भिंतीला चिकटलेल्या
काळ्या सुया. सात-आठ. केसाहून थोड्या जाड.
चिमट्याने धरली तर वाकली,
मग चिरली, तंतू-तंतू झाली.
मीठ असं वागत नाही.

क्ष-किरणांपुढे एक सुई
चार रात्री फिरत राहिली.
वीज दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी
जनरेटरच्या खोलीपर्यंत धावले, चपला हातात.

मग पडद्यावर सहा-सहा धातूंची घरटी,
कडेला कड लावून, ओळीने,
धातूचा हात धातूला,
क्लोरीन बाहेर, कुंपणावरच्या पाखरांसारखे.
आणि प्रत्येक घरट्याच्या पोटात एक ठिपका.
सहा इलेक्ट्रॉनांचा.
चूक समजून मी तो पुसला. तीनदा.
तीनदा परत आला.

पुढच्या पाच नळ्यांत काही नाही.
धातू आणखी शुद्ध केला,
क्लोराइड दोनदा वाफवून घेतलं,
नळ्या आम्लात उकळल्या.
जितकी स्वच्छता, तितकी नुसती भुकटी.
बोरीकर सर म्हणाले, एकदा झालेलं
आपल्यात झालेलं धरत नाहीत.
अंबाझरी ओसंडला, सगळे बघायला गेले.
मी नाही गेले.

चहा बशीत ओतता ओतता धकात्यांनीच विचारलं,
"सात नंबरच्या नळीवर आतून
पेन्सिलनं आकडा टाकला होता ना मी?
बाहेरून टाकला तर पुसून जाते.
तुमी रागावल्या. मंग सोडून देल्लं."

पेन्सिल.
शिसं म्हणतो आपण, असतो कोळसा.
कार्बन.
त्याच्याकडे सहाच असतात.

मी बशीकडे बघत बसले.
कोणाचा चहा प्यायले, आठवत नाही.

तेराव्या नळीत काजळी मोजून घातली.
चार मिलिग्रॅम; माझ्या श्वासाने
काट्याचा आकडा हलत होता.
उघडली, तर भुकटी नव्हतीच.
सगळ्या सुया, काळ्या, एकमेकींत अडकलेल्या.
पेटीच्या काचेला नाक लावून
धकाते बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "सूत."

शोधनिबंधात मी लिहिलं,
कार्बन पहिल्यांदा अनवधानाने आला.
सरांनी मान डोलावली, वाक्य चांगलं आहे.
रात्री ते वाक्य मला झोपू देईना.
कोणाचं अनवधान?
त्यांनी तर नीट, वळणदार सात काढला होता.
सकाळी शब्द खोडला.
त्या जागी लिहिलं: नळीवरच्या आकड्यातून.

शेवटी आभार, एक ओळ: श्रावण धकाते.
छापायला जायच्या आधी त्यांना दाखवलं.
त्यांनी इंग्रजी नाव एक-एक अक्षर वाचलं,
कानामागची पेन्सिल काढली
आणि एक 'ए' वाढवला.